परसातली माती

१२ जानेवारी

दादा,

कारखान्याच्या मागे गाळाचा खड्डा होता, असं तू तुझ्या तक्रारीत लिहिलं होतंस. तो नक्की कुठे होता, ते सांगशील का?

एवढंच विचारून पत्र संपवणार होते. पण बाबा गेले तेव्हा तू फाटकापर्यंत येऊन परत फिरलास, त्यानंतर आपलं बोलणंच नाही. अशा माणसाला एका ओळीचं पत्र पाठवलं तर ते नोटिशीसारखं वाटेल. म्हणून थोडं सविस्तर सांगते.

आपला एनॅमलच्या भांड्यांचा कारखाना आणि कामगार वसाहत मिळून सगळ्या भागाचा पुनर्विकास करायचं चाललंय. शेड पाडायच्या, तिथे उंच इमारती, एक शाळा, एक बाग. वसाहतीतल्या लोकांना त्याच इमारतींत घरं. हे सगळं टिकण्यासारखं आहे का, असं नगरपालिकेने आमच्या कार्यालयाला विचारलंय. म्हणजे जमीन कशी आहे, पाणी कसं आहे, जुन्या इमारती पाडाव्यात की वापराव्यात, आणि आज तिथे राहतात ती माणसं उद्याही तिथे राहू शकतील का. अहवाल मी लिहायचाय. आई तिथेच राहते, हे मी पहिल्याच दिवशी साहेबांना लेखी कळवलं. ते म्हणाले, "बरं झालं, कुणाला तरी गल्ल्या माहीत आहेत." मग त्यांनी माणसांचा भाग दुसऱ्या एका सहकाऱ्याकडे दिला. माझ्याकडे माती आणि भिंती.

जुन्या नकाशात खड्डा कुठेच नाही. तू तिथे होतास, डोळ्यांनी पाहिलं होतंस. बाकी काही लिहायचं नसेल तर नको लिहूस. नुसती खूण करून पाठव.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण परसातला वाफा काही सोडत नाही. मी तुला लिहितेय हे तिला सांगितलेलं नाही.

तुझी,
बारकी


२ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. चिमणी, भट्टीखाना, मागची भिंत, आणि भिंतीपासून थोडं अलीकडे फुली. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उभं आणि रागावलेलं. आईबद्दल तू एक शब्दही विचारला नाहीस, हे मी पाहिलं. असो.

तुझ्या फुलीवर आम्ही बोअर घेतलं. मग तिच्या चारही बाजूंना घेतलं. खाली पिवळी, स्वच्छ चिकणमाती निघाली. प्रयोगशाळेने सांगितलं, शिसं नाही, कॅडमियम नाही, काही नाही.

बातमी वसाहतीत पोचायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. शनिवारी लोकांसोबत बैठक होती. कोपऱ्यावरच्या शिंपीणकाकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तुला आठवतील, तुझ्या सगळ्या शाळेच्या चड्ड्या त्यांनीच शिवल्या. आता केस पांढरे झालेत, आवाज तोच आहे. मी मातीचं सांगायला उभी राहिले तर म्हणाल्या, "एकदा तुझा भाऊ म्हणाला विष आहे. सरकारी साहेब आले, खणलं, काही निघालं नाही. पण तेवढ्यावरून मालकाला कारखाना बंद करायला निमित्त मिळालं आणि आमची चूल विझली. आता तू आलीस. तुमच्या घरात काय, पिढीजात धंदा आहे का हा?"

सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार?

मागे बिल्डरचा माणूस उभा होता. चांगला बोलतो, बूट नेहमी स्वच्छ. तो नंतर मला म्हणाला, "मॅडम, जमीन स्वच्छ निघाली याचा तुम्हाला आनंद व्हायला हवा." त्याचं खरं आहे. व्हायला हवा.

एक गोष्ट मात्र चांगली निघाली. इमारती तपासणारा आमचा माणूस शेडमध्ये दोन दिवस हातोडी घेऊन फिरला. म्हणतो, भिंतींना काही झालेलं नाही. करवतीच्या दातांसारखं ते छप्पर फक्त पत्रा मागतंय, खालचं लोखंड ठणठणीत आहे. तीन नंबरच्या शेडमध्ये, जिथे भांडी नुसती बांधून ठेवायचे, तिथली फरशी आणि खालची मातीही स्वच्छ आहे. एवढं सगळं पाडून राडारोडा करायचा आणि पुन्हा तेवढ्याच विटा भाजायच्या, याला टिकाऊ विकास म्हणत असतील तर मला माझी पदवी परत द्यावी लागेल. शेड ठेवाव्यात असं मी लिहिणार आहे. बिल्डरच्या माणसाला ते अजून माहीत नाही.

तू चुकला असशील का रे? तीस वर्षांत जागा आठवणीतून सरकते. मी तुला दोष देत नाही.

बारकी


१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचणार नाही. "तूही त्यांच्यातलीच निघालीस" हे वाक्य तू रागात लिहिलंस असं समजते. माझ्याकडेही लिहिण्यासारखं बरंच आहे. तू गेल्यावर बाबांचं मौन कुणी सोसलं, आईला दवाखान्यात कुणी नेलं, वगैरे. पण आज त्याला वेळ नाही, कारण एक वेगळीच गोष्ट घडली आहे आणि ती तुला सर्वांत आधी कळली पाहिजे.

माती तपासताना तुलनेसाठी एक नमुना लागतो. त्याच भागातला, पण कारखान्याचा हात न लागलेला. त्याच्याशी ताडून बाकीची माती किती बिघडली ते ठरवतात. मी तो आईच्या परसातून घेतला. तिचा पालक बघितलास तर तूही तिथूनच घेतला असतास. सगळ्या वसाहतीत तसा पालक कुणाचा नाही.

सोमवारी प्रयोगशाळेतून फोन आला. तिथली बाई म्हणाली, "नमुन्यांची अदलाबदल झालीय का? तुम्ही स्वच्छ म्हणून पाठवलेली माती सगळ्यात वाईट आहे."

मी म्हटलं, झाली असेल. दुपारी जाऊन पुन्हा नमुना घेतला, या वेळी खोलवर. वर वीतभर काळी माती, आईने वर्षानुवर्षं खत घालून केलेली. तिच्याखाली निळसर करडा थर. ओला केला की बोटांना साबणासारखा लागतो. त्यात एनॅमलच्या टवक्यांचे बारीक तुकडे होते. एका तुकड्यावर निळ्या काठाची रेघ अजून चमकत होती.

मग शिंपीणकाकूंच्या परसात गेले. मग गवंड्याच्या, मग रांगेतल्या शेवटच्या घरी. सगळीकडे तोच थर.

आणि मग ती पिवळी चिकणमाती माझ्या डोक्यात आली. कारखान्यात बाकी कुठेही खणलं तरी खाली काळी माती लागते. पिवळी फक्त तुझ्या फुलीखाली. ती तिथली नाहीच, दादा. बाहेरून आणून भरलेली आहे. खड्डा होता. तू म्हणालास तिथेच होता. तुझ्या तक्रारीनंतर, तपासणी व्हायच्या आत, त्यांनी तो उपसला आणि त्यात चांगली माती भरली. उपसलेला गाळ कुठेतरी टाकायला हवा होता. त्या वर्षी वसाहतीत पाणी शिरायचं म्हणून कारखान्याने फुकट भराव वाटला होता, आठवतं? नाही, तू नव्हतास. तू तेव्हा जिल्ह्याच्या कचेरीत चकरा मारत होतास. मी लहान होते, पण मला गाड्या आठवतात. दारोदार ढीग पडत होते आणि सगळे खूश होते. बाबांनी स्वतः फावड्याने पसरला.

त्यांना काय होतं ते माहीत नसावं. कुणालाच नसावं.

मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. फक्त काल तिने पालक खुडायला घेतला तेव्हा मी म्हटलं, "राहू दे ग, आज नको." तिने माझ्याकडे बघितलं, आणि टोपली खाली ठेवली. का, म्हणून विचारलं नाही. ते मला खटकत राहिलंय.

तुझी,
बारकी


६ मार्च

दादा,

या वेळी तुझं उत्तर आलं नाही. समजू शकते. तरी लिहितेय.

मागच्या पत्रात मी लिहिलं की बाबांना माहीत नसावं. ते लिहिताना मला स्वतःलाच ते पटलेलं नव्हतं. बाबांचा सगळा जन्म रंग दळायच्या खात्यात गेला. गाळ त्यांना दुरून ओळखू आला असता. म्हणून रविवारी आईला विचारलं.

ती शेंगा सोलत होती. सोलायचं न थांबवता म्हणाली, "त्यांना पहिल्याच फावड्याला कळलं."

"मग?"

"मग काय? तोवर सगळ्यांच्या दारात ढीग पडले होते. निम्म्यांनी पसरलेसुद्धा होते. मला म्हणाले, आता बोललो तर कारखाना बंद पडेल, आणि पोरगा खरा ठरेल. दोन्ही एकदम झालं तर लोक आपल्याला इथे जगू देणार नाहीत. गप्प बसलो तर निदान कारखाना राहील."

"आणि कारखाना तरीही बंद पडला."

"हो ना," आई म्हणाली. "मग बोलण्यासारखं काही उरलंच नाही."

मी विचारलं, "तू तीस वर्षं त्याच मातीत भाजी लावलीस?"

"मला वाटलं, मुरलं असेल. खत घालत गेले. वर चांगली माती चढत होती ना. हिरवंगार यायचं. इतकं हिरवं येतं त्यात वाईट काय असणार, असं वाटायचं." मग म्हणाली, "आणि खरं सांगू? तो वाफा बंद केला असता तर ते खरं आहे हे मला कबूल करावं लागलं असतं."

म्हणजे तुला ज्या आठवड्यात घराबाहेर काढलं, त्या आठवड्यात तू खरं बोलतोयस हे बाबांना माहीत होतं. मी हे तुला लिहावं की नाही यावर खूप विचार केला. तुझा राग वाढेल की निवेल ते मला कळत नाही. पण ते तुझं आहे. मी ठेवून घेऊ शकत नाही.

आता कामाचं. बिल्डरच्या माणसाला परसांचे आकडे कळले. तो चहा घेऊन माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "मॅडम, तुलनेचा नमुना चुकीच्या जागेवरून घेतला गेला. एवढंच लिहा. दुसरीकडून घ्या. तसंही त्या परसांवर काँक्रीटच येणार आहे, मग खाली काय आहे याला काय अर्थ?" मी विचारलं, शाळेची बाग कुठे येणार आहे? तो नकाशा बघत राहिला. बाग बरोबर आपल्या रांगेवर येते.

साहेबांनी मला आत बोलावलं. मला वाटलं, आता संपलं. ते म्हणाले, "लिही. सगळं लिही. पण नुसतं 'होणार नाही' असं लिहू नकोस. नाही म्हणणारे अहवाल कपाटात जातात. कसं होईल ते लिही."

तेच लिहितेय. परसांतली माती काढायची. ती काढेपर्यंत घरं रिकामी ठेवावी लागतील. लोकांना भीती एकच आहे, एकदा बाहेर पडलो की परत येऊ देणार नाहीत. ती भीती खोटी नाही. माझ्या सहकाऱ्याने आजूबाजूच्या अशा तीन योजनांत चौकशी केली, तिन्हीकडे निम्मे लोक परतलेच नाहीत. म्हणून मी लिहिलंय की कुणालाही भागाबाहेर पाठवायचं नाही. तीन नंबरची शेड दुरुस्त करायची, आत खोल्या पाडायच्या, आणि सगळी वसाहत आधी तिथे न्यायची. शेड पाडली तर हे करताच येणार नाही. म्हणून शेड राहिल्या पाहिजेत.

शनिवारी पुन्हा बैठक आहे. सगळ्यांना सांगायचं आहे. शिंपीणकाकूंच्या मोठ्या मुलाचा विचार मनातून जात नाही. तिशी ओलांडली, अजून त्याला घड्याळ कळत नाही. तो आपल्या परसात खेळायचा. त्याचं कारण हेच, असं मी म्हणू शकत नाही. ते कुणालाच सिद्ध करता येणार नाही. पण त्या मला विचारतील, आणि तेव्हा काय बोलायचं ते मला माहीत नाही.

बारकी


१० मार्च

दादा,

बैठक झाली. जसं झालं तसं सांगते.

मी आकडे वाचले. गवंडी म्हणाला, "पुन्हा तेच. तेव्हा खड्ड्यात विष होतं, आता परसात आहे. आम्हाला हाकलायला नवी युक्ती." मागून आवाज चढले. कुणीतरी तुझं नाव काढलं आणि शिवी दिली. बिल्डरचा माणूस खुर्चीत मागे रेलून बसला.

तेवढ्यात आई उठली. तिला उठायला किती त्रास होतो! शेजारच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. सगळे थोडे गप्प झाले, वयाचा मान म्हणून.

ती म्हणाली, "सगळ्यात वाईट माती माझ्या परसात आहे. ती तिथे माझ्या नवऱ्याने टाकली. काय आहे ते त्याला माहीत होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून मलाही माहीत होतं. माझा मुलगा खरं बोलत होता. आम्ही दोघांनी त्याला खोटा पडू दिला."

मग शिंपीणकाकूंकडे वळून म्हणाली, "मी तुला दर आठवड्याला पालक दिलाय. तुझ्या पोरांना पौष्टिक म्हणून."

शिंपीणकाकू पदर तोंडाशी धरून बसल्या. त्यांचा मुलगा शेजारी होता, तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मग त्या उठल्या आणि त्याचा हात धरून बाहेर गेल्या. कुणी त्यांना अडवलं नाही. त्यांच्यामागून हळूहळू सगळेच गेले. शेडमध्ये हलायचं का, यावर हात वर करून मत घ्यायचं होतं, ते राहूनच गेलं.

घरी येताना आई माझ्या हातावर भार टाकून चालत होती. एवढंच म्हणाली, "आता लोक भांडी घासायला आपल्या नळावर येणार नाहीत." आणि खरंच, तेव्हापासून कुणी आलेलं नाही.

तुझी,
बारकी


१७ जून

दादा,

तू पाठवलेलं रिकामं पाकीट मिळालं. आत कागद घालायचा राहिला की मुद्दामच घातला नाहीस, कोण जाणे. पत्ता तुझ्याच अक्षरात होता. आईने ते उशाखाली ठेवलंय.

नगरपालिकेचा निर्णय झाला. शेड राहणार. माती काढणार. लोकांना तीन नंबरच्या शेडमध्ये हलवणार. नव्या घरांचं भाडं जुन्या लोकांना परवडेल असं बांधून द्यावं, ही माझी अट मात्र "विचाराधीन" ठेवली आहे. म्हणजे काय ते तुला माहीत आहे. त्यासाठी भांडायचं अजून बाकी आहे. बिल्डरने एक इमारत कमी केली आणि आता तो आमच्या कार्यालयाला पुन्हा कधी काम मिळू देणार नाही असं कुणाकुणाला सांगत फिरतोय. साहेब म्हणतात, फिरू दे.

सगळ्यांचं रक्त तपासलं. आईचं शिसं खूप निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात ते हाडांत बसलंय, काढता येण्यासारखं नाही. यापुढे वाढू नये एवढंच बघायचं. आईने विचारलं, "लहान मुलांचं काय?" लहान मुलांचं पुष्कळ कमी निघालं, कारण आता परसात कुणी खेळत नाही, सगळी पोरं रस्त्यावर खेळतात. आईने ते ऐकलं, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली.

गेल्या आठवड्यात आपलं परस खणलं. ताडपत्री घातलेल्या गाड्या भरून जात होत्या. आई पलीकडच्या फुटपाथवर स्टूल टाकून दिवसभर बसली. संध्याकाळी शिंपीणकाकू आल्या, आपलं स्टूल घेऊन. बैठकीनंतर पहिल्यांदाच. शेजारी बसल्या. मग काकू म्हणाल्या, "माझ्या परसाचा नंबर गुरुवारी आहे. तू येशील ना बसायला?" आई म्हणाली, "येईन." माफीबिफीचं काही झालं नाही. व्हायचं असेल तर पुढे होईल, नाहीतर नाही.

परसं खणायच्या आधीच शेडमधल्या खोल्या वाटल्या होत्या, ते सांगायचं राहिलं. खोल्या म्हणजे प्लायच्या भिंती, वरून मात्र छपरातल्या त्या काचांमधून भरपूर उजेड येतो. वाटणारा कारकून टेबल मांडून बसला होता. मी आईच्या मागे उभी होते. त्याने विचारलं, "घरात माणसं किती?"

माझं घर वेगळं आहे, हे त्याला माहीत होतं. तो 'एक' लिहायला लागला.

आई म्हणाली, "दोन."

"दुसरं कोण, आजी?"

"मोठा मुलगा. बाहेरगावी असतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. नियमाप्रमाणे मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी छपराकडे बघत राहिले. त्याने दोन लिहिलं आणि दोन खाटांची खोली दिली.

दुसरी खाट भिंतीला लावली आहे. आईने तिच्यावर काही ठेवू दिलं नाही, माझी पिशवीसुद्धा नाही.

बारकी